मागचं बंद करून टाका

'मागे' या शब्दाच्या नशिबी आपल्या भाषेत कधी काही बरं आलेलंच नाही. पुढे असतो तो पुढारी. मागे असणाऱ्याला 'मागारी' म्हटल्याचं कधी ऐकलंय? मागे राहिला तो मागासलेला, मागच्या बाकावर बसला तो ढ, आणि वर्षभर घोकंपट्टी करून ऐन परीक्षेत गोंधळला तर 'पुढचं पाठ, मागचं सपाट'. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना या शब्दाचा सराव फार जुना. कुठल्याही समितीचा अहवाल घ्या, 'मागास' या शब्दावर बोट ठेवा आणि खाली खाली येत चला. कुठेतरी बीड लागतंच. १९८४ साली दांडेकर समितीने त्याला 'अनुशेष' असं भारदस्त नाव दिलं, एवढाच काय तो फरक. पूर्वी आम्ही नुसते मागे होतो, नंतर अनुशेषासह मागे राहिलो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मोटारीतला मागचा एसी.

ज्यांच्याकडे चार माणसांची चिमुकली गाडी आहे त्यांना मागचा एसी ही काय भानगड आहे ते ठाऊक नसेल. पण बीडला येणारी पहिली पॅसेंजर गाडी रुळावरून आली ती २०२५ सालच्या सप्टेंबरात. तोवर आमची लग्नं, बारशी, दहावे, संभाजीनगरच्या दवाखान्यातली ऑपरेशनं आणि पुण्यातली मुलाखत हे सारं डांबरी रस्त्यावरूनच झालं. त्यामुळे आमच्याकडे गाडी घ्यायची म्हणजे सात-आठ माणसांची. कागदावर आठ, प्रत्यक्षात दोन पोरं मांडीवर, एक जण डिकीतल्या बॅगांवर आणि एक 'मी काय, कुठंही मावतो' म्हणणारा. असल्या लांबलचक गाडीत पुढचा गारवा शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता म्हातारा होतो. म्हणून मागच्यांसाठी छताला वेगळी कूलिंग कॉईल, वेगळा पंखा आणि वेगळ्या जाळ्या. गाडी नवी असताना मागच्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपला विचार केला असं वाटतं. मग गाडी जुनी होते.

आमची अठरा वर्षांची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच हे. आणि उखाण्यात गुंफून घ्यावं तर त्या नावाला यमक सापडत नाही.

आरंभीच सांगून टाकतो. जुन्या गाडीतला गळका मागचा एसी बंद करून टाकावा, या मताचा मी आहे. नुसता आहे असं नव्हे, कट्टर आहे. पण तो बंद करताना पुढच्या सीटवरून जी मंडळी 'छान झालं, कटकट गेली' म्हणतात, त्यांच्याही मी तितकाच विरुद्ध आहे. म्हणजे एका लेखात दोन्हीकडची माणसं तोडायची ही माझी तयारी झालेली आहे. तोडतो.

आधी गळतीविषयी. या एसीचा संसार एकत्र कुटुंबासारखा असतो. कॉम्प्रेसर एकच, कंडेन्सर एकच. म्हणजे कमावणारा एक आणि स्वयंपाकघर एक. पुढे नळीला दोन फाटे फुटतात. एक फाटा पुढच्या बिऱ्हाडाला, दुसरा गाडीच्या पोटाखालून थेट मागच्या बिऱ्हाडाला. हा मागचा फाटा अल्युमिनिअमचा, चांगला लांब, आणि रस्त्याच्या अगदी तोंडावर. पावसाळ्यात त्याच्यावर चिखल बसतो, उन्हाळ्यात खडी आपटते, गतिरोधकावर आठ माणसांची गाडी बसली की पोट घासतं. आमच्याकडे गतिरोधक आणि टेकडी यांत फरक करायची पद्धत नाही. पंधरा-सोळा वर्षांनी कुठेतरी क्लॅम्पखाली धातू खाल्ला जातो, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि तिथे तेलकट काळा डाग दिसायला लागतो. आता गंमत बघा. भोक मागच्या बिऱ्हाडात, पण हंडा एकच. त्यामुळे उपाशी दोघंही.

अशा वेळी आमच्याकडे काय करतात? गॅस भरतात. गुढीपाडवा झाला, कडुलिंब खाल्ला, की मामा गाडी घेऊन गॅरेजात. मामांना गाडीतलं फार कळतं, असं मामांचं मत आहे. 'गॅस कमी झालाय, टाका एक डबा.' साडेचारशे ग्रॅमचा एक डबा जातो, कधी दोन. पुढून भसाभस गार वारा येतो, मामा आरशात बघून भांग पाडतात, अक्षय्यतृतीयेपर्यंत सगळं आबादीआबाद. मग मे महिन्यात, नेमकी पाहुण्यांना आणायला निघालेली असताना, गाडीतून गरम श्वास सुटू लागतो. ये रे माझ्या मागल्या!

माझं म्हणणं मी मामांना तीन उन्हाळे ऐकवलं. आता तुम्हाला ऐकवतो. अहो, एसीतला गॅस म्हणजे काही शेगडीतला गॅस नव्हे. तो जळत नाही, संपत नाही, विटत नाही. तो बिचारा द्रव होतो, वाफ होतो, पुन्हा द्रव होतो आणि त्याच त्याच नळ्यांतून जन्मभर फिरतो. चांगल्या गाडीत वर्षानुवर्षांत त्याची जी काय थोडीफार घट होते ती सोडा. पण दर पाडव्याला डबा लागतो याचा अर्थ तो कमी 'झाला' नाही, तो गेला. आणि जिथून गेला ते भोक तिथेच आहे. भोक न शोधता गॅस भरणारा माणूस आणि बुड फुटलेल्या घागरीने पाणी वाहणारा माणूस यांच्यात फरक एवढाच, की घागरवाल्याला पाणी फुकट मिळतं.

आमच्याच बीडमध्ये खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या अमलातली. तिचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून आपल्या आपण वाहत जातं आणि बाकी सगळं कोरडं पडलं तरी तिने तळ दाखवला नाही अशी तिची ख्याती आहे. ज्यांनी ती बांधली ते दरवर्षी तिच्यात टँकर ओतत बसले असते तर ख्याती टँकरवाल्यांची झाली असती. (टँकरवाल्यांची पुढे झालीच, तो भाग वेगळा.)

मामांचा दुसरा सिद्धांत असा, की मागचं बटण बंद ठेवलं की मागची गळती थांबते. हा सिद्धांत इतका लोकप्रिय आहे की मला तो निदान पाच सुशिक्षित माणसांनी ऐकवला. त्यांतला एक विज्ञानाचा मास्तर होता. त्या बटणाने बहुतेक गाड्यांत फक्त मागचा पंखा थांबतो. नळीला फाटा फुटलेला असतो तो असतोच आणि त्यात गॅस असतो तो असतोच. एवढंच काय, इंजिन बंद करून गाडी लिंबाखाली उभी केली तरी, चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, हा आर-१३४ए नावाचा गॅस आतून नळीला टायरमधल्या हवेच्या चौपट दाबाने रेटत असतो. चौपट! तुम्ही दुपारची वामकुक्षी घेत असता तेव्हा तो भोक शोधत असतो. त्याच्यापुढे तुमचं बटण म्हणजे धरणाच्या भिंतीला लावलेली कडी.

बरं, गेला तो जातो कुठे? वर. जुना आर-१२ ओझोनच्या थराला भोकं पाडत होता म्हणून १९८७ साली माँट्रियलला करार करून जगाने त्याला हाकलला. त्याच्या जागी आला तो हा आर-१३४ए. हा ओझोनला हात लावत नाही. पण उष्णता धरून ठेवण्यात पटाईत. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे तेराशे किलो. आता तेराशे किलो धूर आमच्या गाडीच्या धुराड्यातून काढायचा म्हटला तर पावणेपाचशे लिटरच्या वर डिझेल जाळावं लागेल. बीडहून पुण्याला बारा वेळा जाऊन यावं लागेल. आणि ते सगळं मामा एका जागी उभे राहून, दोन डब्यांत, चहा पीत पीत साधतात! २०१६ साली रवांडातल्या किगाली गावी जगातले देश पुन्हा जमले आणि हे गॅसही कमी करायचं ठरलं. भारताने २८ साली वाढ थांबवायची आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. बीडचा उन्हाळा आणखी तापवायला बाहेरच्या माणसाची गरज नाही, हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, 'डब्याचे पैसे मी देतो ना?'

ते सोडा. पैशांच्या भाषेतच बोलू. गॅसबरोबर तेलही जातं. कॉम्प्रेसरला वंगण त्याच तेलाचं. ते गॅसबरोबर फिरतं आणि गॅसबरोबर सांडतं. डबा भरणारा तेलाचं नाव काढत नाही. चार-पाच उन्हाळे असे गेले की कॉम्प्रेसर एक दिवस किंचाळून बसतो. म्हणजे मागच्या घरातल्या भोकापायी कमावता माणूस गेला.

मग दुरुस्त का करत नाही? प्रश्न रास्त आहे. गाडी पाच वर्षांची असती तर मीही दुरुस्तीच म्हटलं असतं आणि जो 'बंद करा' म्हणाला असता त्याच्याशी भांडलो असतो. पण अठराव्या वर्षी मागची लांब नळी, मागची कॉईल, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून जो आकडा मला सांगण्यात आला तो गाडी विकून येतील त्या पैशांच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. शिवाय नळी नवी घातली की जुन्या कॉईलला वाटतं, आपणच काय पाप केलं? पुढच्या वर्षी ती फुटते. म्हाताऱ्या माणसाचा एक दात बसवावा आणि शेजारचा हलावा, तसलाच प्रकार. तेव्हा वाटणी. मागचं बिऱ्हाड वेगळं काढायचं, फाट्यावर तोंड बंद करायचं आणि पुढचं तरी शाबूत ठेवायचं.

यावर आमच्या एका साडूंनी 'कंपनी फिटिंगला हात लावू नये' असा मंत्र म्हटला. कंपनीने काही विचार करूनच दिलं असेल ना! असेल की. कंपनीचा विचार काय असतो ते ऐका. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली मोटार अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ साली दाखवली. तिची कूलिंग कॉईल होती कुठे? पुढे नव्हे, मागच्या सीटच्या पाठीमागे! म्हणजे जगातला पहिला मोटारीतला एसी हा मागचा एसी. आणि तो बंद कसा करायचा? बटण नव्हतं. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढून ठेवायचा. घामाने निथळून एसी बंद करायचा! दोन-तीन वर्षांत कंपनीनेच तो गुंडाळला. तेव्हा मागचा एसी बंद करून टाकणं ही काही बीडच्या गॅरेजातली नासकी अक्कल नव्हे, तो त्या यंत्राचा कुळाचारच आहे. साडू गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे; पॅकार्ड ऐकली नव्हती म्हणून.

मात्र बंद करणं म्हणजे गळा आवळणं नव्हे. आमच्या गॅरेजातला उस्ताद हात धुऊन पुढे आला तो पक्कड घेऊनच. 'सर, कामून उगं पैसे घालायलाव? नळी मुडपतो, वरून एम-सील मारतो. पाच मिनिटं.'

मी म्हटलं, 'उस्ताद, टायरच्या चौपट दाब. एम-सील टाकीच्या नळाला मारा.'

उस्ताद चांगला माणूस. त्याला ज्ञान होतं, फक्त कोणी मागत नव्हतं. मग त्याने रीतसर केलं. उरलासुरला गॅस यंत्राने काढून घेतला, जिथे फाटा फुटतो तिथेच दोन्ही नळ्यांना धातूच्या डमी मारल्या, आत नव्या ओरिंगा, नवा फिल्टर, थोडं तेल, मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा बघितला. फुगा आला नाही. मग व्हॅक्यूम आणि शेवटी गॅस. तोही मोजून, मागच्याचा वाटा वजा करून. हा शेवटचा मुद्दा फार लोक विसरतात. एक बिऱ्हाड गेल्यावर दोघांचा स्वयंपाक केला की शिळं उरतं. इथे ते शिळं कॉम्प्रेसरच्या अंगावर येतं. पाच मिनिटांचं काम साडेतीन तास चाललं. पुढच्या जाळ्यांतून अशी थंडी आली की उस्तादच म्हणाला, 'आता बगा, महाबळेश्वर.'

इथवर मामा, साडू, उस्ताद सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि सगळे पुढच्या सीटजवळ उभे होते. मागचं दार कोणी उघडलंच नव्हतं.

माझं खरं भांडण आहे ते इथे. गाडीत मागे कोण बसतं? कधी मोजलंय? आमच्याकडे पुढे घरातला कर्ता पुरुष. मधे दुय्यम कर्ते पुरुष आणि ज्यांचा मान ठेवावा लागतो असे पाहुणे. आणि शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन आत्या, जिची साखर तीनशेच्या खाली येत नाही. वहिनी, जिच्या मांडीवर दात येणारं पोर. आणि डब्यांची पिशवी. गाडीतलं सगळ्यांत जास्त ऊन याच बाकावर. मागची काच तिरकी, वर तापलेला पत्रा, खाली तापलेला पत्रा. पुढचा गारवा दोन सीटांच्या टाळक्यांवर आपटून परत फिरतो आणि मामांच्या भांगात रमतो. 'पुढं गार लागतंय ना? मग मागं पोचतंच,' हे विधान नेहमी पुढे बसलेला माणूस करतो. मागे बसलेल्याने असं म्हटल्याचा एकही दाखला माझ्याकडे नाही. मागे बसलेल्याला कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'आमचं काय, चालतंय की.' या 'चालतंय की'वर अख्खा मराठवाडा चाललाय हो! आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमाराला ट्रकांच्या आणि ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत, चुली-भांडी, शेरडं, लेकरं घेऊन ऊसतोडीची माणसं बाहेर पडतात. त्यांच्या मागच्या बाकाला छतही नसतं. त्यांनाही कोणी विचारत नाही, आणि तेही 'चालतंय की'च म्हणतात. त्यांच्यासमोर आमचा एसीचा तंटा म्हणजे बदामाच्या शिऱ्यात वेलदोडा कमी पडल्याची तक्रार, हे मला कळतं. पण सवय तीच. ठरवणारा पुढे आणि सोसणारा मागे.

म्हणून मी घरात फर्मान काढलं. मागचा एसी बंद करायला ज्यांनी होकार दिला, त्यांनी पहिला उन्हाळा मागे बसायचं. आत्या पुढे, वहिनी आणि पोर मधे. मामा आणि मी शेवटच्या बाकावर.

मामांनी हरकती घेतल्या. कंबर. मळमळ. ड्रायव्हरला रस्ता कोण सांगणार? (ड्रायव्हर त्याच रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवतो.) शेवटी त्यांनी कायदा काढला: बायकांनी पुढे बसलं की पट्टा लावावा लागतो. आत्या म्हणाली, 'लावीन की रे बाबा. लग्नात साडेतीन किलोचा शालू नेसून बसले होते.'

मागे बसल्यावर माणसाला उपाय सुचतात, ही त्या व्यवस्थेची खुबी. मामांनाच सुचलं की मागचा पंखा उस्तादने काढलेला नाही. गार करत नसला तरी तो हवा हलवतो, तेव्हा तो चालू ठेवावा. मामांनाच सुचलं की पुढच्या मधल्या जाळ्या छाताडाकडे न वळवता वर, छताकडे वळवल्या तर गारवा डोक्यांवरून मागे सरकतो, आणि बाहेरची हवा आत घेणारी खिटी बंद ठेवावी. काळ्या काचांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केलेली असल्यामुळे मामांनी मागच्या काचेला वहिनीची जुनी सुती साडी टाचण्यांनी लावली. अठरा वर्षांत या माणसाला एक उपाय सुचला नव्हता. मागच्या बाकावर चाळीस मिनिटांत चार सुचले.

मे महिन्यात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो, ती या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा. सकाळी निघू निघू म्हणता अकरा वाजले. बाहेर रस्ता पाण्यासारखा चमकत होता. मी आणि मामा शेवटच्या बाकावर, मांडीला मांडी, मधे डब्यांची पिशवी. पण खरं सांगतो, जाळ्या वर वळवल्या होत्या, पंखा फिरत होता, साडी ऊन अडवत होती. महाबळेश्वर नसलं तरी निदान वाई होती. मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी वर आली. पुढून आत्याचा आवाज आला.

'अरे ड्रायव्हरदादा, हे बंद कर बाबा. माझे पाय गारठलेत.'

मामा ताडकन उठले. छताला डोकं आपटलं. 'आत्या! बाहेर बेचाळीस डिग्री आहे!'

'असू दे. काच खाली कर रे दादा जरा, वारा कसा छान येतोय.'

बटण पुढे होतं. केजपर्यंत सगळ्या काचा उघड्या ठेवून आम्ही गेलो. मागच्या काचेवरची वहिनीची साडी फडफडून मामांच्या तोंडावर बसत होती, आणि 'मामा, ठीक ना?' असं पुढून आत्याने विचारल्यावर मामा म्हणाले, 'आमचं काय, चालतंय की.'